चार शब्दी नावात पहिलं नाव मधल्या नावांशी जुळतंय का, हे कसं तपासायचं?

नवीआई_पुणे

मुलगी झाली आहे, तीन आठवड्यांची. जन्माची नोंद दवाखान्यातून वेळेत गेली, नावाचा रकाना कोरा ठेवायला सांगितला होता. पुढच्या रविवारी बारसं आहे आणि त्याआधी नाव पक्कं करायचं आहे.

मधलं नाव आपल्याकडे निवडायचं नसतंच, ते ठरलेलं असतं. आता आईचंही नाव येणार, म्हणजे दोन शब्द ठरलेले, आडनाव धरून तीन. त्यामुळे पहिलं नाव असं हवं की चारही शब्द एकत्र म्हणताना अडखळायला होणार नाही. आमची खरी नावं इथे देत नाही. त्याच वळणाची आणि इंग्रजीत तितक्याच अक्षरांची देते: आई मृण्मयी, वडील हृषीकेश, आडनाव क्षीरसागर.

यादीत चार नावं उरली आहेत. इरावती आम्हा दोघांना आवडलंय. रेवा सासूबाईंनी सुचवलंय, कारण नक्षत्र स्वाती, चरण दुसरा, अक्षर रे. शिवाय रेशम आणि तन्मयी. सासऱ्यांचं म्हणणं, इरावती ठेवा पण जन्मनाव रेवा कागदावर मधे येऊ द्या.

जाणकारांनी सांगावं: कानाला कोणतं बसतं, कागदावर कोणतं अडचणीचं ठरेल, आणि जन्मनाव मधे घालावं का?

नोंदवही

ताई, अभिनंदन. कागदाची बाजू आधी सांगते, कारण तिला मुदती आहेत.

मार्च २०२४ मध्ये महिला व बाल विकास विभागाचा शासन निर्णय निघाला. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं. आईचं नाव पूर्वीसारखं वेगळ्या रकान्यात नाही, सलग नावातच. म्हणजे तुमचा क्रम बरोबर आहे.

रकाना कोरा ठेवलात हे फार चांगलं केलंत. नोंदीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव घालायला शुल्क लागत नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. म्हणून रविवारच्या घाईने निबंधकाकडे धावू नका. बारशात नाव कानात सांगा, महिनाभर घरात हाक मारून पाहा, मग अर्ज द्या. एकदा नाव नोंदलं गेलं की नुसता विचार बदलला म्हणून ते बदलून मिळत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाचं कलम १५ चुकीच्या दुरुस्तीसाठी आहे, पसंती बदलण्यासाठी नाही. मग राजपत्र आणि पुढची सगळी रांग.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत. पूर्वी दाखल्यात एक आणि शाळेत दुसरं असं निभावून जायचं, आता पुढचा प्रत्येक कागद दाखल्याकडे बोट दाखवणार.

जन्मनाव मधे घालू नका. शासन निर्णयाच्या क्रमात त्याला जागा नाही, आणि पाच शब्द झाले की एका फॉर्मवर ते पहिल्या नावाला चिकटतं, दुसऱ्यावर मधल्यात जातं, तिसऱ्यावर गळतं. एकाच मुलीची तीन नावं तयार होतात. ते पत्रिकेत राहू द्या, तिथे त्याचा मान आहेच.

लघुगुरु

कानाचं मी सांगतो. लोक चार नावं सुटी सुटी म्हणून बघतात आणि प्रत्येक गोड वाटतं. गडबड नावात नसते, सांध्यात असते. एका शब्दाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात तोंडात कशी मिळते ते पाहायचं.

मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण उच्चारत नाही. हृषीकेश हे बोलताना ‘हृषीकेश्’ असतं, आणि पुढे लगेच क्षीरसागर. श् ला लागून क्ष, म्हणजे ‘केश्क्षीर’. चार नावांतला सगळ्यांत कठीण सांधा हाच, आणि तो तुमच्या हातात नाही. त्याच्या आधी मृण्मयी, तिथे मृ, लगेच हृ, मधे ण्म. बोलणाऱ्याच्या जिभेला शेवटच्या तीन शब्दांत एवढं काम आहे, तर पहिल्या शब्दाने तिला दमवू नये. जोडाक्षर नको, शेवट स्वराचा हवा, आणि शक्यतो दोन किंवा तीन अक्षरांचं असावं.

या कसोटीवर रेशम बाद. रेशमचा शेवट म् आणि मृण्मयीची सुरुवात म. सावकाश म्हटलं तर ‘रेशम्मृण्मयी’, भरभर म्हटलं तर एक म गिळला जातो. ज्यांचं मधलं नाव म ने सुरू होतं त्यांनी पूनम, रेशम, नीलम ही नावं जपून घ्यावीत.

तन्मयी मृण्मयी हे यमक आहे. बारशाच्या पाळण्यात शोभेल, पण ऐकणाऱ्याला एकच नाव दोनदा घेतल्यासारखं वाटतं.

इरावती: ती आणि मृ यांचा सांधा स्वच्छ आहे. अर्थही मोठा, रावी नदीचं जुनं नाव. फक्त चार अक्षरी आहे, त्यामुळे पूर्ण नाव लांबतं. रेवा: वा-मृ, स्वच्छ. दोन अक्षरी, नर्मदेचं नाव. या एका क्रमात रेवा सरळ पुढे आहे.

पण नाव एकाच क्रमात म्हटलं जात नाही, हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. दाखल्यावर बाळाचं नाव आधी. शाळेच्या हजेरीत आणि मार्कलिस्टवर आडनाव आधी. आणि रोजच्या ओळखीत मधली दोन्ही नावं गळून फक्त पहिलं आणि आडनाव. तीन क्रम, तीन वेगळे सांधे. आडनाव आधी घेऊन पाहा. ‘क्षीरसागर रेवा’ मध्ये र ला लागून र येतो, ‘सागर्रेवा’. ‘क्षीरसागर इरावती’ मध्ये व्यंजनाला स्वर चिकटतो, ‘सागरिरावती’, आणि नवख्या कानाला ‘सागरी रावती’ असं ऐकू येतं. दोन्हीत थोडी खोट आहे. रेवातली खोट मला सौम्य वाटते, कारण दोन र च्या मधे आपोआप क्षणभर थांबलं जातं. इरावतीत तसं थांबणं होत नाही, पुढचा स्वर मागच्या र मध्ये विरघळतो.

हीच गोष्ट आडनावाच्या शेवटाप्रमाणे बदलते. कुलकर्णी, जोशी, काळे अशा स्वरान्त आडनावांपुढे अ-आ-इ ने सुरू होणारं नाव घेतलं तर दोन स्वर भिडतात. व्यंजनाने सुरू होणारं तिथे जास्त ठसठशीत वाटतं. क्षीरसागर, पाटील, देशमुख अशा आडनावांपुढे त्याच व्यंजनाने सुरू होणारं नाव टाळावं: पाटील लीना, देशमुख खुशी.

नवीआई_पुणे

आडनाव आधी घेऊन आम्ही एकदाही म्हणून पाहिलं नव्हतं! आत्ता म्हटलं, ‘सागरी रावती’ खरंच ऐकू येतं. तरी इरावतीवरून मन निघत नाही. कागदावर लांबीचा खरंच इतका फरक पडतो का? आणि हृषीकेश इंग्रजीत कसं लिहावं, ते नवऱ्याच्या दोन कागदांवर दोन तऱ्हेने आहे.

पारपत्र_३९

लांबीचा फरक पडतो आणि तो मोजता येतो, म्हणून अंदाजाने बोलायला नको.

पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, मधे मधे ‘<’ ही खूण असलेल्या. त्या यंत्राने वाचायच्या. वरच्या ओळीत ४४ चौकटी. पहिल्या पाच कागदाचा प्रकार आणि देश यांना जातात, उरतात ३९. त्यात आधी आडनाव, मग दोन खुणा, मग पहिलं नाव, एक खूण, पुढचं नाव, एक खूण, असं बसवायचं.

तुमची अक्षरं मोजली. क्षीरसागर १०, मृण्मयी (शेवटी दोनदा ई लावून) ९, हृषीकेश १०. खुणा मिळून ४. हे झाले ३३. म्हणजे पहिल्या नावाला ६ चौकटी उरतात.

रेवा ४ अक्षरं, एकूण ३७, बसतं. रेशम ६, एकूण ३९, तंतोतंत. पण तंतोतंत बसणंही फार चांगलं नाही, कारण शेवटच्या चौकटीत अक्षर असेल तर नियमानुसार त्याचा अर्थ ‘नाव कापलेलं असू शकतं’ असा घेतला जातो. इरावती ७, एकूण ४०. एका अक्षराने बाहेर. तन्मयी शेवटी एकच आय लावून लिहिलं तरी ७, तेच.

आईच्या नावाच्या शेवटी दोन ई ऐवजी आय लिहिला तर ८ होतात आणि इरावती बरोबर ३९ मध्ये बसतं. पण आईचं स्पेलिंग बाळासाठी बदलू नका. मग तुमच्या आधारवर एक आणि मुलीच्या नावात दुसरं, हा रोग बरा करायला चौकटीपेक्षा जास्त त्रास होतो.

एक अक्षर बाहेर गेलं म्हणजे पासपोर्ट मिळत नाही असं मुळीच नाही. वरच्या बाजूला नाव वेगळं छापलेलंच असतं, आणि खालच्या ओळीत नाव कसं कापायचं याचेही नियम आहेत. अडचण एवढीच की तिकिटावरचं पूर्ण नाव आणि यंत्राने वाचलेलं नाव यांत फरक दिसतो, आणि काउंटरवरच्या माणसाला तो दरवेळी समजवावा लागतो.

पासपोर्टच्या अर्जात मधल्या नावाची वेगळी चौकट नाही हेही ध्यानात ठेवा. आडनाव एक, आणि बाकी सगळं ‘गिव्हन नेम’ मध्ये. तुमच्या मुलीचं गिव्हन नेम तीन शब्दांचं असेल. परदेशी काउंटरवर ते सगळंच तिचं नाव समजलं जातं. विमानाच्या तिकिटावर तिन्ही शब्द मधल्या जागा न सोडता सलग छापले गेले तर घाबरू नका, अक्षरं आणि त्यांचा क्रम बरोबर असला की झालं. इथेही पहिलं नाव छोटं असेल तर त्या सलग ओळीत ते निदान ओळखू येतं.

आता हृषीकेश. नवऱ्याचा पासपोर्ट असेल तर त्यावरचं स्पेलिंग प्रमाण धरा, नसेल तर आधारवरचं. दुसरा कागद आधी त्याच्याशी जुळवून घ्या आणि मगच बाळाचा अर्ज भरा. उलट क्रमाने केलं की बाळाच्या नावात चूक कायमची बसते.

नोंदवही

वरच्या मुद्द्याला जोडून देवनागरीचं सांगते, कारण दाखला मराठीतही असतो आणि नेमक्या याच दोन नावांत चुका फार होतात.

हृषीकेश म्हणजे हृषीक अधिक ईश, इंद्रियांचा स्वामी. त्यामुळे ह ला ऋकार आणि षी दीर्घ. टंकताना त्याचं ‘ह्रषीकेश’ होतं, म्हणजे ह आणि र यांचं जोडाक्षर. डोळ्याला फरक जाणवत नाही, संगणकाला ती दोन वेगळी नावं आहेत. तिसरं रूप ऋषिकेश. वडिलांच्या कागदांवर जे रूप असेल तेच घ्या, व्युत्पत्ती बरोबर असो की नसो. मृण्मयीचंही तसंच, ‘मृन्मयी’ असा ‘न’ वापरून दाखले छापले जातात. ण चा आग्रह धरा.

तन्मयीबद्दल आणखी एक भीती आहे. तन्मयी मृण्मयी असं लागोपाठ दिसलं की टंकणाऱ्याला चुकून दोनदा आलं असं वाटतं आणि तो एक गाळतो. यमक कानाला गोड, पण नोंदवहीत घातक.

आणखी एक. आईचं नाव म्हणजे आज तुमच्या आधारवर जे आहे ते. लग्नात नाव बदललेलं असेल आणि शाळेचे दाखले जुन्या नावाचे असतील तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जोडून ठेवा. ‘सौ.’, ‘राव’, ‘बाई’, ‘पंत’ यांपैकी काहीही मुलीच्या नावात येऊ देऊ नका, ते वडिलांच्या किंवा आईच्या मूळ कागदावर असेल तरच यावं.

खडूफळा

शाळेच्या बाजूने थोडं. राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रकावर आजवर आडनाव, विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव असा क्रम आणि आईचं नाव वेगळं, अशी रीत राहिली आहे. चार शब्दी नावाची मुलं दहावीला पोचायला अजून बरीच वर्षं आहेत, पण आडनाव आधी ही सवय हजेरीपटात इतकी मुरली आहे की लघुगुरु म्हणतात ती कसोटी सोडू नये.

प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरमध्ये नाव चढतं ते दाखल्यावरून. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच उतरतं, आणि ते बदलायला शाळेच्या हाती फारसं काही नसतं. म्हणून प्रवेशाच्या दिवशी रजिस्टरातली ओळ स्वतः डोळ्यांनी वाचून या. चार शब्द कोणत्या क्रमाने लिहिले आणि आईचं नाव ओळीत आलं की बाजूला राहिलं, एवढं पाहायचं.

आद्याक्षरांचंही बघून घ्या. मराठीत आद्याक्षरं दोन तऱ्हेने बनतात. धोंडो केशव कर्वे यांचं धों. के. कर्वे झालं, म्हणजे मराठी अक्षरं. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचं सी. डी. देशमुख झालं, म्हणजे इंग्रजी. मुलीचं दोन्ही तऱ्हेने लिहून पाहा. तुमच्याकडे इंग्रजीत आर-एम-एच-के किंवा आय-एम-एच-के, त्यातून कोणताही शब्द होत नाही, निर्धास्त राहा. मात्र पूर्वी तीन आद्याक्षरं होती, आता चार झाली, त्यामुळे नको तो शब्द तयार होण्याची शक्यता वाढली आहे. एस-ए-डी, बी-ए-डी, आय-एल-एल असलं काही मधे येत नाही ना ते पाहायचं. आईचं नाव धरून चार आणि वगळून तीन, दोन्ही वाचायची.

नवीआई_पुणे

इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला ३९ चौकटींचा हिशोब वहीवर मांडून दाखवला, त्यानेही मोजून पाहिलं, ४० च येतात.

दोन उपप्रश्न. माझ्या जावेचं बाळ डिसेंबरात अमेरिकेत जन्मेल. दोन्ही चुलत भावंडांची नावं एकाच धर्तीवर, आईचं आणि वडिलांचं दोन्ही घेऊन ठेवायची अशी घरात इच्छा आहे. तिथे जमेल का? आणि सासूबाई म्हणतात, आईचं नाव मधे लावायची पद्धत आपल्यात कधी नव्हती. त्यांना दुखवायचं नाही, पण काय सांगू?

सातासमुद्रा

अमेरिकेचं सांगतो. दवाखान्यात जन्मनोंदीसाठी एक अर्ज भरून घेतात, त्यात पहिलं, मधलं, आडनाव अशा तीन जागा. मधल्या जागेत दोन शब्द लिहिता येतात, आई आणि वडील दोन्ही.

तिथली मर्यादा मात्र वेगळी आहे. सोशल सिक्युरिटी कार्डावर, म्हणजे तिथल्या सरकारी ओळख क्रमांकाच्या कार्डावर, पहिलं आणि मधलं नाव मिळून एका ओळीत २६ जागा, मधल्या मोकळ्या जागा धरून. आडनावाला वेगळ्या २६. तुमचीच नावं घेऊन मोजतो म्हणजे जाऊबाईंना कल्पना येईल. इरावती, मृण्मयी, हृषीकेश: ७, ९, १० आणि दोन मोकळ्या जागा, २८. दोनने बाहेर. रेवा घेतलं तर २५, बसतं. त्यांनी आपली नावं याच रीतीने मांडावीत. नावाची नोंद पूर्ण राहते, कार्डावर छापताना मात्र कात्री लागते. शिवाय तिथे मधलं नाव कायदेशीर नावाचा भाग धरत नाहीत, त्यामुळे ते कापलं गेलं म्हणून नंबर अडत नाही.

त्रास होतो तो कागद एकमेकांशी जुळवताना. पुढे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड, काढताना नाव परदेशी पासपोर्टप्रमाणेच लागतं. म्हणून जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी आणि पासपोर्ट या तिघांवर मधलं नाव एकाच तऱ्हेने लिहिलं जाईल असं पहिल्याच अर्जात ठरवा. एका ठिकाणी आईचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असं करू नका.

महाराष्ट्राचा शासन निर्णय तिकडच्या दाखल्याला लागू नाही, त्यामुळे जाऊबाईंना सक्ती कसलीच नाही. दोन नावं लांब होत असतील तर त्यांनी एकच घ्यावं, भावंडपण त्याने कमी होत नाही.

लघुगुरु

सासूबाईंना नाशिकची लेणी सांगा, मनापासून. पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, सातवाहनांच्या काळातला. तिच्या मुलाला इतिहास गौतमीपुत्र सातकर्णी म्हणून ओळखतो, नातवाला वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आईचं नाव आधी, मग स्वतःचं. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या राजांची ही पद्धत होती. ‘आपल्यात कधी नव्हती’ असं म्हणता येत नाही, मधे बराच काळ ती खंडित झाली होती इतकंच.

आता नावावर परत येतो. पत्रिकेचा मान ठेवायचा, सांधा स्वच्छ हवा आणि चौकटीही पुरायला हव्यात, तर अवकहडा चक्राकडे, म्हणजे नक्षत्राच्या चरणावरून नावाचं अक्षर देणाऱ्या तक्त्याकडे, एकदा नीट पाहा. स्वातीची चार चरणांची चार अक्षरं: रू, रे, रो, ता. तुमच्या चरणाचं रे आहे, पण बऱ्याच घरांत नक्षत्राचं कोणतंही अक्षर चालवून घेतात. सासूबाईंना चालत असेल तर ता घ्या. तारा.

तारा मृण्मयी हृषीकेश क्षीरसागर. रा-मृ, स्वच्छ. क्षीरसागर तारा: र पुढे त, दोन वेगळी व्यंजनं, दोन शब्द सुटे ऐकू येतात. तारा क्षीरसागर: रा पुढे क्षी, जीभ कुठे अडत नाही. इंग्रजीत ४ अक्षरं, म्हणजे रेवाइतकंच, ३७ आणि २५. स्पेलिंगला दुसरा पर्याय जवळजवळ नाही, हा गुण मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढच्या दोन्ही नावांची स्पेलिंगं दहा तऱ्हेने होतात. नावांच्या रांगेत निदान एक शब्द असा हवा की जो कुणालाच चुकीचा लिहिता येणार नाही.

रेवा ठेवलंत तरी मी आनंदाने पाठिंबा देईन. ‘सागर्रेवा’ हा हजेरीतला बारीक दोष आहे, तो कागदावर दिसत नाही.

पारपत्र_३९

तारा सगळ्या चौकटींत बसतं. आणि एक सांगतो, इरावतीवर मन असेल तर ‘इरा’ हा मार्गही मोकळा आहे. ३ अक्षरं, एकूण ३६. घरी इरावती म्हणा, कागदावर इरा. पण उलटं करू नका, म्हणजे कागदावर इरावती आणि शाळेत, बँकेत इरा. कागदावरचं नाव वापरातल्या नावापेक्षा लांब असलं की माणसं फॉर्मवर नकळत छोटंच लिहितात.

लघुगुरु

इरा चालेल, पण ‘क्षीरसागर इरा’ मध्ये स्वराचा सांधा तसाच राहतो, ‘सागरिरा’. शब्द छोटा म्हणून तो आणखीच विरघळतो. माझं मत तारा, मग रेवा, मग इरा.

नवीआई_पुणे

सासूबाईंना ता चालतंय! स्वातीचं आहे ना, मग झालं, म्हणाल्या. आज दिवसभर तारा म्हणून हाक मारतोय. आता अर्जात बाळाच्या नावाच्या रकान्यात नुसतं ‘तारा’ लिहायचं की चारही शब्द?

नोंदवही

चारही शब्द, पूर्ण. आई-वडिलांची नावं त्यांच्या वेगळ्या रकान्यांत आधीच आहेत म्हणून बाळाच्या रकान्यात नुसतं पहिलं नाव लिहिलं तर पुढे आधार आणि पासपोर्टच्या वेळी आडनाव कुठून आणलं हा प्रश्न येतो. मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे पूर्ण लिहा, इंग्रजी मोठ्या लिपीत, प्रत्येक शब्दानंतर एक जागा सोडून. आद्याक्षरं वापरू नका, ‘तारा एम. एच.’ असं अजिबात नको.

अर्जासोबत तुम्हा दोघांच्या आधारच्या प्रती आणि जन्मनोंदीचा क्रमांक न्या. चार शब्दी क्रम तिथे संगणकात कसा भरतात ते आधी विचारा आणि छपाईच्या आधी पडद्यावर वाचून घ्या. ह ला ऋकार, षी दीर्घ, ण्म, आणि इंग्रजीत आईच्या नावातले दोन ई, या चार जागांवर बोट ठेवून वाचा. छापून हातात आल्यावर काउंटर सोडायच्या आधी पुन्हा एकदा.

आधारची घाई करू नका. काही ठिकाणी बाळाचं आधार ‘बेबी ऑफ’ अशा नावाने काढून देतात. आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येतं, त्यातली एक संधी तिथेच खर्ची पडते. नावासह दाखला हातात आला की मग काढा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे ते काम एका खेपेत होतं. आणि दाखल्याच्या प्रती एकाच वेळी चार-पाच काढून ठेवा.